पदाचे नाव पाठ, काम मात्र पाहिलेले नाही

प्रति,
मा. संपादक,
यांस सविनय नमस्कार.

विषय : दहावी-बारावीनंतरचे मार्गदर्शन आणि खान्देशातील मुले

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स लागतात आणि त्यांना खेटूनच करिअर मार्गदर्शन मेळाव्यांचे. अशा बऱ्याच मेळाव्यांना मी गेलो आहे. दोन ठिकाणी तर पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसून आलो, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात माझ्याही वाट्याचा दोष धरावा. दोन तासांपैकी पाऊण तास सत्कार आणि प्रास्ताविकात जातो, आणि उरलेल्या वेळात 'दहावीनंतर काय' या मथळ्याखाली अभ्यासक्रमांची नावे पडद्यावरून भराभर सरकत राहतात. मुले मोबाइलवर त्यांचे फोटो काढतात. त्या यादीतले एखादे काम करणारा माणूस सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत नेमके काय करतो, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि मुलांनाही ते विचारण्याचे सुचत नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयत) फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जोडायला शिकवणारा शिक्षक होतो. दर वर्षी नवीन तुकडी आली की पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला विचारत असे, "हा ट्रेड का घेतला?" उत्तरे ठरलेली असत. यादीत नंबर लागला, मामांनी सांगितले, इलेक्ट्रिशियनला मार्क कमी पडले. फिटर काय करतो ते आधी पाहून आलेला मुलगा क्वचितच भेटला, आणि तो बहुधा एखाद्या वर्कशॉपवाल्याच्या घरचाच असे.

सुरुवातीचे कित्येक दिवस फिटरचा विद्यार्थी व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा घट्ट धरून त्यावर कानस चालवतो. पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे तपासायला तो तुकडा उजेडाकडे धरून त्यावर ट्राय स्क्वेअरचे, म्हणजे काटकोन तपासण्याच्या गुण्याचे, पाते टेकवायचे. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासायचे. काही मुलांच्या तळहाताला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात आणि चौथ्या दिवसापासून ती मुले दिसेनाशी होतात. काहींना मात्र ती रेघ नाहीशी करण्याचे वेडच लागते. जेवणाची सुट्टी झाली तरी ती व्हाइस सोडत नाहीत. मजेची गोष्ट अशी की या दोन प्रकारच्या मुलांच्या दहावीच्या गुणांत मला कधी ठळक फरक आढळला नाही. पळून गेलेला मुलगा आळशी होता असेही नाही. त्याला हे काम मानवणारे नव्हते एवढेच, आणि ते त्याला प्रवेशाआधी अर्ध्या दिवसात कळले असते. त्याऐवजी त्यात त्याचे वर्ष गेले, आणि त्याने अडवलेल्या जागेवर ज्याला खरोखर यायचे होते तो दुसऱ्याच ट्रेडला गेला.

राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जात होती. हेतू चांगला होता, मी तिच्यावर टीका करणार नाही. पण तुमचा कल तांत्रिक क्षेत्राकडे आहे असे कागदावर वाचून ज्या मुलाने कधी लेथ यंत्र फिरताना पाहिलेले नाही त्याला काय बोध व्हावा? आमच्या शेजारच्या मुलाचा निकाल त्याच्या वडिलांनी मला दाखवला होता, आणि 'तांत्रिक म्हणजे मोबाइल दुरुस्ती का?' असा प्रश्न त्यांनी अगदी गंभीरपणे विचारला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपली मुले पदाचे किंवा अभ्यासक्रमाचे नाव निवडतात, काम निवडत नाहीत, कारण काम त्यांनी पाहिलेलेच नसते. आणि खान्देशात तरी पाहण्यासारख्या कामांचा तुटवडा नाही. भुसावळला रेल्वेची विद्युत इंजिने दुरुस्त करणारे शेड आणि वर्कशॉप आहे, आयुध निर्माणी आहे, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, तर ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या कित्येक वर्षांपासून फिरत आहेत. जळगावला पाइप, ठिबक आणि चटईचे कारखाने व डाळमिल आहेत, धुळ्याला यंत्रमाग आहेत, नंदुरबारला मिरचीचा व्यापार आहे. आणखी एक गोष्ट अजून पुरेशी लक्षात आलेली दिसत नाही. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे आता तिन्ही जिल्ह्यांत अशी महाविद्यालये आहेत, आणि जेथे रुग्णालय मोठे होते तेथे डॉक्टरांच्या कितीतरी पट परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि डायलिसिसचे यंत्र चालवणारी माणसे लागतात. आपल्याकडे मात्र बारावी सायन्सच्या मुलाला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत यश आले नाही की 'गेला' म्हणतात.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. मागच्या हिवाळ्यात मी रावेर तालुक्यात एका नातेवाइकांकडे गेलो असता ते मला जवळच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये घेऊन गेले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे आपण अभिमानाने सांगतो, पण शेताच्या बांधापुढे त्या केळीचे काय होते हे माझ्यासारख्या जन्मभर याच जिल्ह्यात राहिलेल्या माणसालाही धड माहीत नव्हते. घडाच्या फण्या वेगळ्या होत होत्या, पाण्याच्या टाक्यांतून धुतल्या जात होत्या आणि एक मुलगी हातात कॅलिपर घेऊन केळाची जाडी मोजत होती. ठरल्या मापाच्या खालची फणी बाजूला, वरची खोक्यात. मी थांबून पाहतच राहिलो, कारण मापनाची हीच शिस्त मी जन्मभर मुलांना लोखंडावर शिकवत आलो होतो. भरलेली खोकी तेरा-चौदा अंश तापमानाच्या शीतगृहात जात होती. त्याहून थंडी वाढली तर केळाची साल काळवंडते आणि कमी पडली तर माल वाटेतच पिकायला लागतो, म्हणजे सगळा धंदा त्या दोन-तीन अंशांवर उभा आहे. मालकाला विचारले, अडचण कोणती? मला वाटले, भाव किंवा वीज सांगतील. ते म्हणाले, "सर, मजूर मिळतो, गाडी मिळते. थंडीचं मशीन बिघडलं की मेकॅनिक नाशिकहून येतो, आणि तो येईपर्यंत माझा जीव टांगलेला असतो."

रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आयटीआयमध्ये शिकवला जातो. दोन वर्षांचा आहे. माझ्या नोकरीत मी पाहिले की हा ट्रेड घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त घरातला फ्रीज आणि बँकेतला एसी असायचा, त्यामुळे मुंबई-पुण्याला जाऊ शकणारेच तो घेत. केळीच्या पट्ट्यातल्या मुलाला आपल्या गावापासून दहा किलोमीटरवर त्या कामाची गरज आहे हे माहीत नव्हते, आणि पॅकहाउसच्या मालकाला आपल्याच तालुक्यातल्या मुलाला हे शिकवता येईल हे सुचले नव्हते. दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही. मेळाव्याच्या पडद्यावर या ट्रेडचे नाव एका ओळीत येऊन जाते.

आता स्पर्धा परीक्षांबद्दल लिहिणे भाग आहे, आणि ते लिहिताना हात जड होतो. माझा पुतण्या रसायनशास्त्रात पदवी घेऊन पुण्याला सदाशिव पेठेत राहायला गेला. हुशार मुलगा. पहिल्या दोन वर्षांत पूर्वपरीक्षा पार केली, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. मग पुन्हा, आणि मग पुन्हा. अभ्यासिकेचे भाडे, मेसचे पैसे, टेस्ट सिरीज, दर वर्षी नवी पुस्तके असा खर्च त्याच्या वडिलांनी कपाशीच्या पैशातून सात वर्षे केला. गावात लग्नकार्याला आला की बायाबापड्या विचारायच्या, "आंडोर काय करस?" (मुलगा काय करतो?) पुढे पुढे त्याने लग्नांना येणेच सोडले. फौजदाराच्या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३१ आहे, ती ओलांडली त्या वर्षी तो परत आला. आज तो एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात आहे, काम त्याला आवडते, आणि हीच नोकरी बाविसाव्या वर्षी त्याला मिळाली असती, असे तो स्वतःच एकदा सहज बोलून गेला. दोष त्याला देणार नाही. "अजून एकदा बस, या वेळी लागशील," असे दर वर्षी म्हणणारा काका मीच होतो.

स्पर्धा परीक्षा देऊच नयेत असे मी म्हणत नाही. ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या मुलाला वशिल्याशिवाय उभे राहता येईल अशी ती एक वाट आहे, आणि आपल्याकडची कितीतरी घरे तिच्यामुळे वर आली. पण त्या वाटेवर गर्दी किती आहे हे मुलाने आणि त्याहून अधिक त्याच्या वडिलांनी आकड्यांत समजून घ्यायला हवे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. त्यांच्यापैकी बहुतेकांनी नऊशे किंवा हजार रुपये शुल्क भरले होते. तेव्हा ज्या दिवशी तयारीला बसायचे त्याच दिवशी किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या महिन्यात थांबायचे हे घरात बसून लिहून ठेवावे, आणि तयारी चालू असताना हातात दुसरे काही असावे. ते अर्धवेळ काम असो, एखादा ट्रेड असो की बी.एड. असो. थांबण्याची तारीख आधी ठरलेली असेल तर थांबणे हे हरणे वाटत नाही. पुतण्याच्या बाबतीत आम्ही ती ठरवली नाही.

पोलीस भरतीचे पाहा. पहाटे पाच वाजता अमळनेर, चोपडा, शिरपूर कुठेही जा, रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतील. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. पण धावणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली उंची नीट मोजलेली नसते. मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटीमीटर लागते. अर्धा सेंटीमीटर कमी असलेला मुलगा दोन वर्षे धावतो, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. एक टेप आणि एक भिंत लागते त्याला.

उलट ज्या वाटा उघड्या आहेत त्यांची माहिती मुलांपर्यंत पोहोचत नाही. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिसच्या (शिकाऊ उमेदवारांच्या) जागांत भुसावळचा स्वतंत्र गट असतो. त्या निवडीला लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, आणि वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे १५ ते २४ वर्षे असते. रेल्वेत ॲप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. म्हणजे ज्याने दहावीत आणि आयटीआयत गुण सांभाळले त्याचा फायदा तेथे आहे, आणि 'आयटीआयला काय, पास झाले म्हणजे झाले' असे म्हणणाऱ्याचे नुकसान. रेल्वे भरती मंडळाची संगणकीय परीक्षा मराठीतून देता येते, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई भरतीची परीक्षाही २०२४ पासून मराठीतून होते. तरीही हिंदी-इंग्रजीच्या धास्तीने अर्ज न भरणारी मुले मला अजून भेटतात. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, त्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षण संपले हा पालकांचा समजही खरा नाही. 

दाखल्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर वेगळे पत्र होईल. माझ्या एका विद्यार्थिनीचे नाव निवड यादीत आले आणि कागदपत्र पडताळणीत तिच्या नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची तारीख अर्जाच्या मुदतीनंतरची निघाली. नाव कापले गेले. ती ज्या केंद्रात अर्ज भरायला गेली होती तेथे कोणी तिला हे सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. जात वैधता, उत्पन्न, अधिवास हे सारे कागद अकरावीतच हातात घेऊन ठेवावेत. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रासमोर रांग लावण्यात अर्थ नाही. आणि 'साहेबांशी ओळख आहे, काम करून देतो' म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला की त्याला घराबाहेरूनच परत पाठवावे, मग तो नात्यातला का असेना.

मुलींच्या बाबतीत चित्र अर्धे बदलले आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, शासकीय नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहेच. पण आयटीआयत मुलगी आली की घरचे अजूनही शिवणकाम नाहीतर कोपा हा संगणकाचा ट्रेड यांपैकी एकावर बोट ठेवतात. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या मध्य रेल्वेतून २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या सुरेखा यादव यांनी कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता. माझ्या वर्गात शेवटच्या पाच-सहा वर्षांत ज्या दोन मुली आल्या त्यांच्या तुकड्यांवरची उजेडाची रेघ सर्वांत आधी गेली, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता मागणी. नववीच्या वर्गाला, कारण दहावीला मुलांना आणि शिक्षकांना दोघांनाही श्वास नसतो, वर्षातून चार शनिवार कामे पाहायला न्यावे. कारखान्यात आणि रेल्वेच्या शेडमध्ये जायचे तर परवानगी काढावी लागेल, सुरक्षेचे नियम पाळावे लागतील आणि एस.टी.चे भाडेही आहे, याची मला कल्पना आहे. पण पॅकहाउस, डाळमिल, मातीपरीक्षण प्रयोगशाळा, पशुवैद्यकीय दवाखाना, वीज उपकेंद्र ही ठिकाणे तालुक्यातच असतात. तेथे भाषण नको. मुलांनी एका माणसाचे काम दोन तास उभे राहून पाहावे आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत. किती वाजता येता, हे कोठे शिकलात, आणि या कामात कंटाळा कशाचा येतो. तिसरा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण त्याचे उत्तर व्यासपीठावरून कधी मिळत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतल्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी यायलाच सातपुड्याचा घाट उतरावा लागतो. त्यांच्यासाठी माणसांनीच वर जावे. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. आमच्या पिढीने जेथे नाव नोंदवून कार्डाचे नूतनीकरण करत वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहिली, त्या सेवायोजन कार्यालयाचेच हे आजचे रूप. या केंद्राने आपल्या मेळाव्यांपैकी एखादा तिकडे घ्यावा, आणि तेथे पाहुण्यांऐवजी एक परिचारिका, एक वायरमन आणि एक वनरक्षक बसवावा.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. आपण दर आठवड्याला भरतीच्या जाहिराती छापता, त्यांचा उपयोग होतोच. त्यांच्या शेजारी अर्धा रकाना एका कामासाठी द्यावा. काम खान्देशातलेच असावे, ते करणारा माणूसही येथलाच, आणि त्यात त्याचा एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत यावा. सुरुवातीचा पगार किती, शिक्षण कोणते, हात काळे होतात की पाय दुखतात, हे सगळे यावे. लोको शेडमधला तंत्रज्ञ, शीतगृहाचा मेकॅनिक, डायलिसिस तंत्रज्ञ, पवनचक्कीवर चढणारा कामगार, आणि ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते आपले तलाठी, एवढी पाच नावे तर मी आजच देतो. लिहून घेणारा वार्ताहर मिळत नसेल तर पहिले दोन-तीन रकाने मी स्वतः लिहून देईन. पॅकहाउसच्या मालकांना मी विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, "मुलं घेऊन या, फक्त कापणीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत या."

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
अमळनेर, जि. जळगाव